युरोपच्या ग्रुप टूरचा पहिला दिवस रोममध्ये आहे. त्या दिवशी नेमकं काय होतं?

तुमचं म्हणणं असं: आई-बाबा मेअखेरीस ग्रुप टूरने निघालेत, पहिला मुक्काम रोम, आणि कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवसापुढे 'आगमन, ओरिएंटेशन टूर, भारतीय जेवण' एवढंच छापलंय. बाबांचे गुडघे दुखतात, तर त्यांना विमानतळावरून थेट हॉटेलवर जाता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. मी अशा सहलींवर टूर मॅनेजर म्हणून काम करते. पत्रिकेत जे छापत नाहीत तेवढंच सांगते.

पहिला दिवस टूर मॅनेजरच्या मर्जीवर चालत नाही आणि पत्रिकेवर तर नाहीच. तो चालतो बसच्या ड्रायव्हरच्या घड्याळावर. युरोपात बसमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ते गाडीचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतं. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाचं चालवणं एरवी ९ तास, आणि दोन दिवसांच्या मध्ये सलग ११ तास आराम. यात थोडी सूट मिळते, पण ती ठरावीक वेळाच, आणि पहिल्याच रात्री ती कोणी खर्च करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघायचं असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत गाडी उभी राहायला हवी. म्हणून संध्याकाळी साडेसहालाच जेवायला बसवतात. मेअखेरीस रोममध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे "अहो, अजून ऊन आहे, आत्ताच कसलं हॉटेल?" हे दर सहलीत ऐकू येतंच. पोलिसांनी तपासलं तर दंड ड्रायव्हरला बसतो. त्याला शंभर युरोची टीप देऊ केली तरी तो मान हलवतो.

आता क्रमाने सांगते. मुंबईहून बहुतेक ग्रुप आखातात विमान बदलून फ्युमिचिनो विमानतळावर उतरतात, साधारण दुपारच्या आसपास. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या सीमेवर ईईएस नावाची नवी नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा चेहऱ्याचा फोटो तिथेच घेतात. एका माणसाला फार वेळ लागत नाही, पण पुढे दोन विमानं भरून आलेली असली तर रांगेत तास कुठे जातो कळत नाही. नंतर सामान. चाळीस माणसांत एखाद्याची बॅग मागे राहणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि त्याचा फॉर्म भरून होईपर्यंत सगळी बस थांबते. आई-बाबांची औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेतच असू द्या. खाऊचंही बघा. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तेव्हा तूप, पनीर, खवा घरीच ठेवा. चिवडा, चकली, खाकरा खुशाल न्या, फक्त बसमध्ये उघडू नका. बहुतेक ड्रायव्हर सीटवर शेव सांडलेली दिसली की दिवसभर तोंड फुगवतात.

विमानतळाहून बस सरळ शहरात जाते. हॉटेलच्या खोल्या दोन-तीनच्या आधी मिळत नाहीत, आणि ग्रुपची हॉटेलं बहुधा शहराला वेढणाऱ्या रिंगरोडच्या आसपास किंवा त्याहीपलीकडे असतात. तिथे जाऊन परत यायचं म्हटलं तर दुपार रस्त्यातच संपते. वाटेत एऊर भागात कमानींच्या ओळी असलेली एक पांढरी चौकोनी इमारत दिसते. बसमधून कोणीतरी हमखास ओरडतं, "आलं कलोसियम!" ती मुसोलिनीच्या काळातली आहे, आणि गंमत म्हणजे रोमकर खरंच तिला चौकोनी कलोसियम म्हणतात. पुढे काराकल्लाची स्नानगृहं, सर्कस मॅक्सिमसचं मैदान, आणि मग खरं कलोसियम. पत्रिकेतली 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे मुख्यतः हे काचेतून बघणं, एखादा फोटो स्टॉप आणि थोडं पायी फिरणं. आत जाणं दुसऱ्या दिवशी. कलोसियमची तिकिटं आता नावावर निघतात, त्यामुळे त्या दिवशी पासपोर्ट जवळ हवा.

पायी फिरणं किती, हा तुमच्या कामाचा भाग. जुन्या रोमच्या गाभ्यात मोठ्या टूर बसना मज्जाव आहे. बस कडेला सोडते आणि तिथून त्रेवीच्या कारंज्यापर्यंत गर्दीतून पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, परत तेवढीच. रस्ते सॅम्पिएत्रिनीचे, म्हणजे काळ्या दगडी ठोकळ्यांचे. ते खालीवर झालेले असतात आणि पावसात निसरडे होतात. विमान प्रवासाने पाय सुजलेले असतात, त्यात नवेकोरे बूट नकोत. मुरलेले, जाड तळाचे बूट घालू द्या. बसायला जागा फार कमी. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर २०१९ पासून बसायलाच बंदी आहे, बसलात तर शिट्टी आणि दंड. त्रेवीला २०२४ च्या अखेरीपासून काठाशी एकावेळी चारशेच माणसं सोडतात, तेव्हा पुढे रांग दिसली तर वरूनच नाणं टाकायचा मोह आवरा. पाकीटमार तिथेच टपलेले असतात. पाकीट मागच्या खिशात नको, आणि पर्स पोटावर.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोमभर रस्त्याकडेला लोखंडी नळ आहेत, सोंडेसारख्या वाकड्या तोटीचे. त्यांना नासोनी म्हणतात. १८७४ पासून ते शहरात आहेत, पाणी गार आणि पिण्याजोगं, फुकट. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं, ओंजळ धरायची गरज नाही. बाथरूमची गरज लागली तर काउंटरवर उभ्याने एक कॉफी घ्या आणि विचारा. टेबलावर बसलात तर त्याच कॉफीचे पैसे जास्त पडू शकतात.

एक तक्रार मी कायम ऐकते: "पहिल्या दिवशी टूर मॅनेजरने काही माहितीच दिली नाही." इटलीत प्रेक्षणीय स्थळी उभं राहून माहिती द्यायला परवानाधारक गाईडच लागतो. आम्ही कारंज्यापाशी व्याख्यान सुरू केलं तर दंड आम्हाला. बसमध्ये आम्ही जमेल तेवढं बोलून घेतो. मात्र त्या वेळी निम्मी बस घोरत असते. दुसऱ्या दिवशी स्थानिक गाईड येते, कानात लावायची यंत्रं मिळतात, तेव्हा सगळा इतिहास ऐकायला मिळतो.

हॉटेलबद्दल थोडंच. तिथल्या बाथरूममध्ये शॉवरजवळ एक दोरी लोंबत असते. ती कपडे वाळवायला नाही आणि दिव्याचीही नाही, ती मदतीची घंटा आहे. पहिल्या रात्री दोन-तीन खोल्यांतून ती ओढली जातेच. बाकी इटलीत बिडे, म्हणजे कमोडशेजारी पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं असतं, त्यामुळे आपल्या मंडळींची एक मोठी चिंता तिथे मिटते. फ्रान्सला गेल्यावर ती परत येते! चहाची किटली खोलीत असेलच असं नाही. भारतीय वेळ साडेतीन तास पुढे असल्याने आई-बाबांना पहाटे तीनला जाग येईल आणि चहाची तलफही. छोटी प्रवासी किटली आणि दोन पिनांचा अडॅप्टर सोबत द्या.

आता गुडघे. विमानतळावरून थेट हॉटेलवर जाणं एकट्याने टॅक्सी करून जमेल, पण खर्च तुमचा, आणि परक्या शहरात खोली मिळेपर्यंत लॉबीत बसून राहणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा निघण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि विमानतळावर टूर मॅनेजरला बाबांनी स्वतः सांगू द्या. चारचौघांत संकोच वाटतो म्हणून लोक बोलत नाहीत आणि मग अर्ध्या वाटेत बसकण मारतात. आधी कळलं की मी अशा मंडळींना वाटेतल्या एखाद्या कॅफेत बसवते, बिलावरचा पत्ता त्यांच्या मोबाईलमध्ये टिपून घेते आणि परतताना सोबत घेते. त्यांनी बसमध्येच थांबायचं म्हटलं तर ते बहुधा जमत नाही, कारण आपल्याला सोडून बस लांब पार्किंगला जाते आणि ड्रायव्हरची ती ४५ मिनिटं तिथेच सुरू होतात. घडीची काठी मात्र नक्की द्या. विमानातही ती चालते, आणि काठी दिसली की त्रेवीच्या गर्दीतसुद्धा लोक जागा करून देतात.