वडलांचं लायसन २०२८ पर्यंतचं आहे, पण वडील नाहीत

ताई, पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी तुमची अडचण थोडक्यात सांगतो. मालवण तालुक्यात घर, आंबा-काजूची बाग, वडील मार्गशीर्षात गेले, त्यांच्या नावावर शेती संरक्षणाची सिंगल बॅरल बारा बोअर, कपाटात काडतुसांचा अर्धा डबा, आणि पोटमाळ्यावर आजोबांच्या वेळची एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक, जिची लायसनवर नोंद आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नाही. आई एकटी, तुम्ही डोंबिवलीला, भाऊ जहाजावर. भाऊ म्हणतो लायसन २०२८ पर्यंतचं आहे मग घाई कसली, शेजारचे काका म्हणतात माझ्याकडे लायसन आहे तर बंदूक माझ्याकडे द्या, आई म्हणते रात्रीची भीती वाटते, असू दे घरात. आणि तुमचा प्रश्न काय, तर पावसाळा तोंडावर आलाय, गंज धरेल, तेल कुठलं लावायचं आणि काडतुसं कुठे ठेवायची.

तेलाचं सांगतो, पण ते शेवटी, कारण आत्ता त्या बंदुकीला तुम्ही हातच लावायचा नाहीये.

भावाचं म्हणणं आधी घेऊ, ही चूक आमच्याकडे घरोघर होते. लायसनवर तारीख असते ती त्या माणसासाठी, बंदुकीसाठी नाही. वडील ज्या दिवशी गेले त्या दिवशी ते लायसन संपलं, त्यावर २०२८ लिहिलेलं असो नाहीतर २०४०. बंदूक ही वस्तू म्हणून तुम्हा तिघांची, आईची, तुमची आणि भावाची, ती विकली तर पैसे तिघांचे, त्यात वाद नाही. पण ती घरात बाळगायचा हक्क वारसाने येत नाही, तो सरकार ज्याच्या नावाने कागद देतं त्यालाच. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ३ म्हणतं लायसनशिवाय अग्निशस्त्र किंवा काडतूस जवळ ठेवायचं नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१ब)(अ) खाली त्याला कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि वर दंड आहे. काडतूस हा शब्द मुद्दाम लिहिला. बंदूक जमा केली आणि डबा कपाटात तसाच राहिला तर तो डबा हाही स्वतंत्र गुन्हाच.

घाबरवायला नाही सांगत. ह्याच कायद्यात कलम २१ आहे, ते तुमच्यासारख्यांसाठीच आहे. कुठल्याही कारणाने ताबा बेकायदा झाला तर विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायचं, आणि जमा केलं म्हणून मालकी जात नाही, ठरलेल्या मुदतीत वारस ते लायसन मिळवून परत घेऊ शकतो किंवा विकू शकतो. किती दिवसांत जमा करायचं ते कलमात लिहिलेलं नाही, त्यामुळे मार्गशीर्षापासूनचा उशीर तुम्हाला समजावून सांगावा लागेल. दिवसकार्य, भाऊ बोटीवर, कागद कुठे ते माहीत नव्हतं, जे खरं असेल ते सरळ लिहा, गोष्ट रचू नका. शिवाय कलम ३९ प्रमाणे कलम ३ च्या गुन्ह्यात खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते, आणि आपणहून अर्ज घेऊन आलेल्या विधवा बाईचं प्रकरण त्यांच्या टेबलावर जाणं वेगळं आणि दुसऱ्या कसल्यातरी झडतीत पोटमाळ्यावर बंदूक सापडणं वेगळं.

आता एक गोष्ट जी लोक हमखास चुकतात. बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षात घालून ठाण्यात नेऊन देऊ, असं आईला कुणीतरी सुचवणारच. नको. तुमच्यापैकी कुणाकडेच लायसन नाही त्यामुळे रस्त्याने नेणं हेच बेकायदा. वडील असताना गडी बंदूक घेऊन दुरुस्तीला जायचा ना, त्याला कायद्यात सूट होती, लायसनदाराच्या लेखी परवानगीने दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेता येतं, पण ती परवानगी देणारा माणूसच आता नाही. म्हणून आईच्या सहीने ठाणे अंमलदाराला अर्ज द्या, मृत्यूचा दाखला आणि मूळ लायसन जोडा, दोन्ही बंदुका आणि काडतुसांची संख्या लिहा, आणि घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घ्या अशी विनंती करा. पोलीस पाटलाला बरोबर घेतलंत तर बरं पडतं. पोचपावतीवर बंदुकीचा नंबर, मेक आणि काडतुसांचा आकडा आहे का ते तिथल्या तिथे वाचून घ्या, नुसतं 'एक बंदूक मिळाली' असलं लिहिलेलं घेऊ नका, उद्या विकायची म्हटलं की ह्याच कागदावर अडतं.

ठासणीच्या बंदुकीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कायद्यापेक्षा जिवाची. जुनी माणसं डुकरासाठी बार भरून ठेवायची आणि डुक्कर नाही आला तर तो बार तसाच आत राहायचा, महिने नाही तर वर्षं. बाहेरून बघून कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर जुनी झाली म्हणून निकामी होत नाही, ती पेटते. तेव्हा कुणी चाप ओढून बघायचा नाही, केप, म्हणजे बार पेटवणारी टिकली, लावून बघायची नाही, नळीत गज खुपसायचा नाही, हलवायच्या नादात खाली पाडायची नाही. आहे तिथे राहू दे, माळ्याचा जिना काढून ठेवा, आणि अर्जात स्पष्ट लिहा की 'भरलेली असण्याची शक्यता आहे', म्हणजे पोलीस आर्मररला, त्यांच्या शस्त्रांच्या जाणकाराला, घेऊन येतील. दारूची पुडी, छर्रे, केपांची डबी सापडली तर तीही दाखवा. विहिरीत टाकून द्या म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, टाकलेली वस्तू सापडली की मग लपवल्याचा संशय वेगळा येतो.

ती इतकी गंजलीय की ती बंदूकच राहिलेली नाही, असं भाऊ म्हणेल कदाचित. कलम ४५ मध्ये जुन्या, निकामी शस्त्राला सूट आहे खरी, पण ती दुरुस्त करूनसुद्धा चालवता येणार नाही अशा शस्त्रालाच, आणि ते ठरवणार तज्ज्ञ, आपण नाही. आमच्याकडचा लोहार काय काय दुरुस्त करतो ते तुम्हाला माहीतच आहे.

शेजारच्या काकांचा हेतू चांगलाच असेल, पण त्यांचं लायसन त्यांच्या बंदुकीचं आहे, तुमच्या नाही. आईने त्यांना नुसती ठेवायला म्हणून दिली तरी घेणारा अडकतो आणि देणाराही, कलम २९ आहे त्यासाठी. त्यांना खरंच हवी असेल तर रीतसर विका, आधी त्यांच्या लायसनवर ती चढवायची परवानगी, मग व्यवहार. तुमच्या पत्रात जाता जाता एक ओळ आहे की चुलतभावाने काजूच्या हंगामात वानरांवर 'एकदोन बार काढले'. ते ताबडतोब बंद. लायसन असलेल्यालाही वन विभागाच्या परवानगीशिवाय जंगली जनावर मारता येत नाही, शेती संरक्षणाचं लायसन म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, आणि गवा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला, त्याच्या वाटेलाच जायचं नाही.

आईची भीती खरी आहे, मी तिला हसत नाही. पण तिला हे समजावा की भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि तो मोजून मापून आहे. रात्रीची घरफोडी चालू असेल तर हक्क बराच लांब जातो, पण बागेत नारळ चोरणाऱ्यावर गोळी चालवायचा हक्क कुणालाच नाही, आणि अंधारात मोतीबिंदू झालेल्या माणसाने बंदूक उचलली तर चोरापेक्षा तिलाच धोका जास्त. माझं मत विचाराल तर तिच्या नावावर लायसन काढायच्या भानगडीत पडू नका. बाहेर दिवा, कडीला चांगलं कुलूप, एक कुत्रा, शेजाऱ्याचा नंबर फोनमध्ये पहिला, आणि ११२ लावायला शिकवा.

तरी बंदूक घरात ठेवायचीच असेल तर शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ वाचा, लायसनदार गेल्यावर वारसाला लायसन देता येतं, पण 'देता येतं', द्यावंच लागतं असं नाही. पोलीस चौकशी, मेडिकल, शस्त्र नीट ठेवण्याची लेखी हमी, बाकीच्या वारसांची ना हरकत, सगळं लागतं. तुम्ही डोंबिवलीला राहता, शेती इथे, त्यामुळे शेती संरक्षण म्हणून तुमच्या नावाने मागणं कमजोर पडेल. भाऊ बोटीवरून उतरून गावी राहणार असेल तर सातबारा जोडून त्याने अर्ज करावा, नाहीतर बारा बोअर विका, त्यात कमीपणा काही नाही.

आता तेलाचं, लायसन मिळालं तरच. खोबरेल लावू नका, आमच्याकडे सर्रास लावतात, ते आटून चिकट होतं आणि चापाच्या यंत्रात घट्ट बसतं. बंदुकीचं पातळ तेल घ्या, नाही मिळालं तर शिवणयंत्राचं, तेही कापडाने पुसून पातळ थर राहील इतकंच. रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या म्यानात घालून पावसाळा काढू नका, आत दमट हवा कोंडते आणि भाद्रपदात उघडली की नळीवर तांबूस पुरळ. कौलाखाली माळ्यावर नको, चुलीच्या भिंतीला नको, माजघरातल्या कोरड्या भिंतीला टेकलेलं कुलपाचं लोखंडी कपाट बरं. बंदूक रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात हवाबंद डब्यात, दोन किल्ल्या एका जुडग्यात नकोत, आणि लायसनवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकही जास्त नाही. कागदी काडतूस फुगलं असेल किंवा पितळी बुडाला हिरवं आलं असेल तर ते वाळवून वापरायचा विचार करू नका, डीलरकडे किंवा ठाण्यात द्या. निवडणुकीत जमा करायची नोटीस आली तर जमा करून पावती घ्या, सूट हवी असेल तर स्क्रीनिंग कमिटीकडे, म्हणजे कुणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवणाऱ्या समितीकडे, कारण लिहून मागायची.

पोलीस ठाण्याच्या मालखान्यात तेलपाणी कोण करत बसणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. म्हणून बारा बोअर विकायचीच असेल तर अर्जातच लिहा की ताबा घेतल्यावर डीलरकडे वर्ग करण्याची परवानगी द्यावी, डीलर ठेवण्याचं भाडं घेतो पण बंदूक निदान पुसतो तरी. आणि ठाण्यात अर्जच घेत नसतील, 'साहेब नाहीत, उद्या या' चालू झालं, तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह ठाण्याला, पोलीस अधीक्षकांना आणि ओरोसला कलेक्टरांच्या शस्त्र परवाना शाखेला पाठवा, आणि पोस्टाची पावती मूळ लायसनच्या झेरॉक्सला टाचून आईकडे ठेवा.