आनंदीबाई कपटी की सोशिक? आधी कागदाची तारीख पाहा

तुमचा प्रश्न असा: एका चरित्रात राघोबादादांच्या आनंदीबाई कारस्थानी, दुसऱ्यात नवऱ्याच्या पापाचं ओझं वाहणाऱ्या. आनंदवल्लीला ज्यांचं नाव आहे, त्या बाईंबद्दल नक्की कुणाचं धरायचं?

सध्या कुणाचंच धरू नका. दोन्ही पुस्तकांतलं प्रत्येक विधान वेगळ्या कागदावर उतरवा आणि शेजारी लिहा: हे कोण सांगतं, घटनेनंतर किती वर्षांनी?

राघोबांचे पुतणे, पेशवे नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा. राघोबांच्या हुकुमातलं ‘धरावे’ बदलून ‘मारावे’ केलं, ही ‘ध चा मा’ची गोष्ट मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने छापली 1826 मध्ये, म्हणजे 53 वर्षांनी. तो परिच्छेद मुळातून वाचाच. बदल आनंदीबाईंनी केला, असं तो स्वतःच्या जबाबदारीवर म्हणत नाही, तशी सार्वत्रिक समजूत आहे म्हणतो. लगेच पुढे राघोबांच्या वागण्यावर संशय घेतो. पुस्तकं पहिलं वाक्य उचलतात आणि दुसरं सोडून देतात.

आता शब्द बघा. ‘धरावे’मधल्या ध चा म केला तर ‘मरावे’ होतं. ‘मारावे’ व्हायला कानाही घालावा लागतो. मोडी येत असेल तर दोन्ही शब्द बोरूने लिहून पाहा, खाडाखोड कितपत लपते ते हातालाच कळेल. जो लेखक ही गोष्ट ठामपणे सांगतो, त्याने तो कागद कुठल्या दप्तरात, कुठल्या रुमालात (कागदांच्या गठ्ठ्यात) पाहिला हे सांगायला हवं. नुसतं ‘सर्वश्रुत आहे’ असेल तर त्या विधानाला पुराव्याच्या रकान्यात जागा नाही.

राघोबांचं प्रकरण वेगळं ठेवा. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री यांनी त्यांना दोषी धरलं. तो ठपका आपोआप बायकोवर सरकवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. उलट, पुरावा नाही म्हणून बाई निष्पाप, हेही सिद्ध होत नाही. सहानुभूतीने लिहिणारे इथेच घसरतात.

समकालीन पत्रांसाठी सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तराचे 45 खंड आहेत. आधी आपल्या सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) चौकशी करा, नाहीतर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ. पत्रावर सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कागदांतली वर्षगणना, असतो: ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे 1174. हे वर्ष जूनमध्ये मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरच्या पत्रात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. इथे चुकलात की खुनानंतरचं पत्र आधीचं ठरतं आणि साधी चौकशीही कट वाटायला लागते. पत्र बारभाईंच्या (राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या) बाजूचं की दादांच्या, हेही टिपा.

शेवटी दोन्ही चरित्रांची पानं मोजा. आनंदीबाई 1794 पर्यंत जगल्या. जानेवारी 1775 मध्ये धारला दुसऱ्या बाजीरावाचा जन्म, 1783 मध्ये कोपरगावी दादांचा मृत्यू आणि वैधव्य, त्यानंतर 1784 मध्ये धाकटा मुलगा चिमाजीअप्पाचा जन्म, आणि नजरकैद. खुनानंतरच्या या 21 वर्षांना जे पुस्तक चार ओळींत उरकतं, त्याने बाईंचं चरित्र लिहिलेलं नाही, एका दिवसाचा खटला चालवला आहे.