सोलर इन्व्हर्टर दुपारी ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, संध्याकाळी मोटर उचलत नाही. ‘सॉफ्ट ओपन पॉइंट’ने हे सुटेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: तासगाव तालुक्यातली मळ्यातली वस्ती, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) सुमारे ४०० मीटर, शेवटचा पोल, १० किलोवॅटचा थ्री फेज रूफटॉप सोलर. हे दुखणं एकट्या तुमच्या इन्व्हर्टरचं नाही, लाइनचं आहे. सॉफ्ट ओपन पॉइंट, म्हणजे दोन लाइनींच्या टोकांमध्ये बसून वीज इकडून तिकडे पाठवणारं यंत्र, यानं ते सुटू शकतं, पण ते ग्राहकानं बसवायचं नसतं. आणि त्याआधी बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

आपल्याकडची डीपी ११ केव्हीवरून ४३३ व्होल्ट देते, म्हणजे लोड नसताना फेज-न्यूट्रल २५० व्होल्ट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांच्या, म्हणजे २५३ च्या, वर गेलं की इन्व्हर्टरनं २ सेकंदांत लाइनपासून सुटायचं असतं. दुपारी वस्तीवर लोड नसला तर तुमच्या हातात उरतात जेमतेम ३ व्होल्ट.

आता लाइनचा हिशेब. वीझल कंडक्टरचा (लाइनीच्या बारीक अॅल्युमिनियम तारेचा) रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ०.९३ ओहम, म्हणजे ४०० मीटरला ०.३७. रिअॅक्टन्स (एसी प्रवाहाला तारेचा चुंबकीय अडथळा) त्याच्या जवळपास एक तृतीयांश, ०.१२ धरा. १० किलोवॅट म्हणजे फेजला १४ अँपिअर, म्हणून व्होल्टेज ५ व्होल्टनं चढतं. शेजारी असेच आणखी दोन सोलर असतील तर १५. संध्याकाळी लोड आला की हेच उलट होतं: व्होल्टेज पडतं, म्हणून मोटर उचलत नाही.

इन्व्हर्टरनं रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता लाइनीत नुसती ये-जा करणारी वीज) ओढून व्होल्टेज उतरवावं, असं सगळीकडे सांगितलं जातं. पॉवर फॅक्टर (एकूण क्षमतेत खऱ्या विजेचा वाटा) ०.९ ठेवला तर १० केव्हीएच्या इन्व्हर्टरमधून सुमारे ४.४ केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप) ओढता येतात. फेजला ६ अँपिअर, गुणिले ०.१२, म्हणजे पाऊण व्होल्टसुद्धा नाही! हा उपाय ३३ किंवा ११ केव्हीवर चांगला चालतो, कारण तिथं रिअॅक्टन्सचा वाटा मोठा असतो. लो टेन्शनच्या, म्हणजे डीपीपुढच्या ४३३ व्होल्टच्या, बारीक तारेवर व्होल्टेज हलवायचं तर खरी, म्हणजे अॅक्टिव्ह, पॉवरच हलवावी लागते. सॉफ्ट ओपन पॉइंट नेमकं तेच करतो.

दोन वेगळ्या डीपींच्या लाइन जिथं शेवटच्या पोलवर जवळ येतात पण जोडलेल्या नसतात, तिथं पाठीला पाठ लावून दोन कन्व्हर्टर बसवायचे, मध्ये डीसी लिंक, म्हणजे डीसीचा दुवा. एक बाजू वीज डीसी करते, दुसरी पुन्हा एसी करते; किती आणि कुठल्या दिशेनं पाठवायची ते कंट्रोलर ठरवतो. दुपारी तुमच्या टोकाकडून २० किलोवॅट पलीकडे गेले तर तुमचं व्होल्टेज १० नं उतरतं, संध्याकाळी तेवढेच आत आले तर १० नं चढतं. साध्या स्विचनं लाइन जोडल्या तर प्रवाहावर ताबा राहत नाही आणि एकीकडचा फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) दोन्हीकडे पोचतो. कन्व्हर्टर मात्र फॉल्टमध्ये रेटेड करंटच्या दीडपटीपेक्षा जास्त करंट सहसा देत नाही. जागा मात्र टोकालाच हवी. डीपीजवळ बसवला तर मधल्या तारेचा रेझिस्टन्सच नाही, फरक काय पडणार?

पलीकडच्या लाइनला दुपारी लोड असणं ही पहिली अट. दोन्हीकडे सोलर असेल तर वीज ढकलायची कुठं? शेतीच्या फीडरला जोडला आणि तो फीडर बंद असला तर उरलेला कन्व्हर्टर फक्त स्टॅटकॉमसारखा (नुसती रिअॅक्टिव्ह पॉवर देणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रासारखा) चालतो, म्हणजे वर सांगितलेला पाऊण व्होल्टवाला प्रकार. दोन कन्व्हर्टर मिळून ३-४ टक्के वीज वाया जाते. उन्हाळ्यात पोलवरच्या बंद पेटीत डीसी लिंकचे कपॅसिटर तापतात. दर १० अंशांना त्यांचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पंपांना लावलेल्या कपॅसिटरशी कन्व्हर्टरच्या फिल्टरचा रेझोनन्स होऊन (दोघांचा सूर जुळून करंट वाढून) ट्रिपिंगही होऊ शकतं. इंग्लंडमध्ये लंडन आणि ब्रायटनला २०१४ ते २०१६ दरम्यान लो टेन्शनवर, तर एक्सब्रिजला ३३ केव्हीवर २० एमव्हीएचं असं यंत्र बसवून पाहिलं गेलं आहे.

तुम्ही आज करायचं ते असं. दुपारी १ वाजता एकाच मीटरनं इन्व्हर्टर टर्मिनलवर आणि मीटरपेटीत तिन्ही फेज मोजा. दोन्हीत २ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तुमची केबल बारीक आहे. थ्री फेजला १६ स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम घाला. एक फेज २५५ आणि दुसरी २२५ असेल तर न्यूट्रलचा जंपर (पोलवरची जोडतार) सैल आहे किंवा लोड एकाच फेजवर आहे, वायरमनला तेच दाखवा. डीपीजवळचं रीडिंग त्याच्याकडूनच घ्या. डीपीला टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) असेल तर २.५ टक्के उतरवून मिळेल, पण संध्याकाळचं व्होल्टेजही तेवढंच उतरेल, म्हणून तुमच्या बाबतीत टॅपचा आग्रह धरू नका.

इन्व्हर्टरमध्ये ‘व्होल्ट-वॅट’ हा पर्याय असतो; तो इन्स्टॉलरकडून सुरू करून घ्या. मग २५० च्या पुढं तो पूर्ण न सुटता हळूहळू कमी वीज देतो. ट्रिपची मर्यादा मात्र वाढवून घेऊ नका: २६० वर इन्व्हर्टर चालेल, पण शेजाऱ्याचा फ्रिज जळू शकतो. खर्चाची तयारी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. दुपारचे ५ किलोवॅट साठवून संध्याकाळी सोडले तर दोन्ही वेळी अडीच-अडीच व्होल्ट सुधारतात, तेही महावितरणच्या लाइनला हात न लावता.