आधी पाया दाखवा, मग पत्रा

शेतातल्या शेडबद्दल या वेळी आलेल्या निम्म्या पत्रांसोबत खांबांचे फोटो आहेत. म्हणजे खांब उभे झाले आणि मग प्रश्न सुचला. खड्डे खणण्याआधी विचारा, हे सांगून मी थकलो. प्रश्न तेच येतात, म्हणून पुन्हा उत्तरं.

अवजारांच्या शेडचा दरवाजा किती उंच ठेवावा?

सर्वांत उंच यंत्र आणि भरलेली ट्रॉली मोजा, जे जास्त भरेल त्यावर अर्धा मीटर सोडा. माप पक्क्या कोब्यापासून धरा, मातीपासून नाही. कोब्यात पंधरा सेंटिमीटर गेले म्हणून ट्रॅक्टरचं छत उतरवून आत नेणारे मी पाहिलेत.

शेतीच्या इमारतीला परवानगी लागत नाही असं ऐकलं. खरं का?

कोणाकडून ऐकलं? नियम जागेगणिक बदलतात. रस्ता, विहीर, ओढा यांपासूनची अंतरंही. परवानगी देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर जागाच बदला.

गुरं, वैरण आणि ट्रॅक्टर एकाच छताखाली ठेवले तर खर्च वाचेल ना?

वाचेल, आग लागेपर्यंत. वाळलेल्या गवताच्या गठ्ठ्यांत ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला, की आतले सूक्ष्मजीव ते तापवायला लागतात. काडी कोणाला ओढावी लागत नाही. पेटायला कधी कधी काही आठवडे जातात, तोवर आपण विसरून गेलेलो असतो. गंजीच्या पोटात लांब दांड्याचा थर्मामीटर घाला. 65 अंश सेल्सिअस दिसले तर दर दोन-तीन तासांनी बघत राहा. 80 ला पोचले तर अग्निशमन दलाला बोलवा. तोवर गंजी उकरू नका, हवा मिळाली की भडकते. वैरण वेगळ्या इमारतीत ठेवा. किती अंतरावर, ते अग्निशमन अधिकारी आणि विमा कंपनी दोघांना विचारा.

शेड 12 मीटर रुंद, तीन बाजू उघड्या. खांब 6-6 मीटरवर उभे झालेत. फॅब्रिकेटर (लोखंडी सांगाडा करणारा) म्हणतो, 0.35 ऐवजी 0.50 मिलिमीटरचा पत्रा घ्या, दहा वर्षांची गॅरंटी, वादळाची चिंता नको. कोणता घेऊ?

पत्र्याचं नंतर बघू. खांबाखाली काय आहे ते सांगा.

छप्पर डोक्यावर पडेल ही भीती सगळ्यांना असते, उडून जाईल ही कोणालाच नसते. अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम चार किलो. ताशी 160 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 120 किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि तुम्ही ज्यावर घासाघीस करताय त्या दोन पत्र्यांच्या वजनात फरक किती? सव्वा किलोच्या आत-बाहेर.

त्यात तुमच्या तीन बाजू उघड्या. वारा आत शिरतो, चौथ्या भिंतीवर अडतो आणि छप्पर खालून रेटतो. त्याच वेळी पाख्यावरून सुसाटत जाणारा वारा ते वरून ओढतो. आता हिशेब करा. 6 मीटरचा गाळा (लांबीत दोन खांबांमधला भाग), 12 मीटर रुंदी, म्हणजे दोन खांबांवर 72 चौरस मीटर छप्पर, एकावर 36. चौरस मीटरला नुसते 100 किलो धरले तरी एका खांबाला 3,600 किलोची वर ओढ. काँक्रीट घनमीटरला साधारण 2,400 किलो. म्हणजे नुसत्या वजनाने खांब धरून ठेवायचा तर दीड घनमीटर काँक्रीट हवं. तुमच्या फोटोतला खड्डा फावड्याच्या दांड्याएवढाही खोल नाही.

एका वादळानंतर असंच शेड बघायला गेलो होतो. पत्रे शाबूत, स्क्रू शाबूत, कैच्यांचे (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांचे) सांधे शाबूत. सगळं छप्पर खांबांसकट शेजारच्या शेतात उलटं पडलेलं, आणि प्रत्येक खांबाच्या बुडाला बादलीएवढा काँक्रीटचा गोळा, मुळा उपटावा तसा. गॅरंटी पत्र्याची होती. पत्र्याला खरोखरच काही झालं नव्हतं.

स्क्रूपासून पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या), कैची, खांब, बोल्ट ते पायापर्यंत ही ओढ उतरते; जिथे कच्चं, तिथे सुटतं. कडा, कोपरे आणि आढं इथे ती सर्वांत जास्त, म्हणून तिथले स्क्रू जवळजवळ हवेत. राहिला पत्रा: सांगितलेली जाडी नुसत्या पोलादाची की रंग-जस्त धरून, ते बिलावर लिहून घ्या. इथे बरेच जण फसतात.

काम आजच थांबवा. माती तपासून घ्या (फुगणारी चिकणमाती निघाली तर पायाचं गणितच बदलतं) आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीचा नकाशा घ्या. फॅब्रिकेटरचा मेहुणा नको.

पन्हाळ पुढच्या वर्षी लावली तर चालेल?

नाही. 30 बाय 12 मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 18,000 लिटर पाणी होतं, आणि ते बरोबर खांबांच्या पायाशी कोसळतं.

पहाटे पत्र्यावरून गुरांच्या पाठीवर पाणी ठिबकतं. विक्रेता म्हणतो बाजू बंद करून आतून फोम लावा.

त्याला फोम विकायचाय. पत्रा गळत नाहीये. गुरांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होतंय. बाजू बंद केल्यात तर ती वाफ आणि अमोनिया दोन्ही आत कोंडतील. आढ्याशी सलग फट सोडा, रुंदीच्या दर 3 मीटरला 5 सेंटिमीटर. वळचणीखाली दोन्ही बाजूंना मिळून निदान तेवढीच. पाऊस थोडा आत येईल, म्हणून फटीखाली गव्हाण नको, चालायची वाट ठेवा. गुरं खोकत असतील तर आधी पशुवैद्य, मग सुतारकाम.

पुढे दोन गाळे वाढवायचेत. आत्ता काही करावं लागेल का?

हो. टोकाच्या चौकटीवर (समोरासमोरचे दोन खांब आणि वरची कैची) आज अर्ध्याच गाळ्याचा भार असतो, वाढवल्यावर पूर्ण येतो. ती चौकट आणि तिचा पाया मधल्या चौकटींइतकाच भक्कम धरायला इंजिनिअरला आत्ताच सांगा. आणि त्या बाजूला टाकी, शेणखड्डा काही खणू नका.