तीन सहली, साठ हजार: कोणत्या आठवड्यात कुठे जावं

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. वर्षाला सहलींसाठी साठ हजार बाजूला काढता आणि तीनदा तरी बाहेर पडायचंय. कोणत्या ऋतूत कुठे गेलं तर परवडेल, असा प्रश्न आहे.

मी गेली बावीस वर्षं एका पगारात घरच्यांना घेऊन फिरतेय, बहुतेक वेळा स्लीपरने. सुरुवातीला मीही जागांची यादी करायचे आणि मग त्यातली स्वस्त कोणती ते शोधत बसायचे. एका दिवाळीत आम्ही हौसेने पुद्दुचेरी आणि रामेश्वर ठरवलं. चार महिने आधी खोल्या घेतल्या, भाडं चढंच होतं. तिथे पोचलो आणि पाऊस सुरू झाला तो थांबेचना. चार दिवसांतले अडीच दिवस आम्ही खिडकीतून रस्त्यावरचं पाणी बघत काढले. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, हे भूगोलात शिकलेलं होतं. आपल्याकडे थंडी पडायला लागली की सगळीकडे कोरडं असेल असं मी धरून चालले होते. त्या वर्षीपासून मी यादी करणं सोडलं. आधी आठवडा ठरवते, मग त्या आठवड्यात बसेल ती जागा बघते.

आठवडा ठरवताना हवामानाच्याही आधी एक गोष्ट बघायची: त्या वेळी कोणाकोणाच्या शाळांना सुटी आहे. खोलीचं भाडं थंडी-उन्हापेक्षा यावर जास्त हलतं. खात्री करून घ्यायची असेल तर कुठलंही एक साधं हॉटेल निवडा आणि त्याच खोलीचं भाडं तीन तारखांना बघा: भाऊबीज, भाऊबीजेनंतरचा आठवा दिवस आणि जुलैतला एखादा मंगळवार. पुढचं सगळं नियोजन त्या तीन आकड्यांवरून सुचतं.

दिवाळी

दिवाळीत तीन गर्द्या एकमेकींवर येतात. बंगाली मंडळी दुर्गापूजेच्या सुटीत निघतात, ती दार्जिलिंग, पुरीपासून हिमाचल, उत्तराखंडातल्या कुमाऊंपर्यंत सगळीकडे भेटतात आणि त्यांची सुटी भाऊबीजेपर्यंत चालते. गुजरातेत पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत दुकानं बंद असतात, त्यामुळे उदयपूर, अबू, दमण, सापुतारा, अगदी महाबळेश्वरसुद्धा भरलेलं असतं. आणि तिसरे आपण. पण लाभपंचमी झाली की पहिल्या दोन्ही गर्द्या घरी परततात, उत्तरेकडच्या शाळा तर त्याआधीच सुरू झालेल्या असतात. आपल्या मुलांना मात्र शाळेप्रमाणे भाऊबीजेनंतरही आठ-दहा दिवस सुटी असते. वर्षातला सगळ्यात मोलाचा आठवडा हाच. घरचा फराळ, ओवाळणी, पाहुणे सगळं नीट होतं आणि भाऊबीजेच्या रात्री गाडीत बसता येतं.

या आठवड्यात तुम्ही कुमाऊंला जा. पावसाने धुतलेली हवा असते, धूळ नसते, आणि कौसानीहून त्रिशूल, नंदादेवी, पंचाचुली ही शिखरं इतकी स्पष्ट दिसतात की पहाटे कोणी बोलत नाही. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, तिथून जीप. कौसानीत गांधीजी 1929 मध्ये राहिले होते ते घर आता अनासक्ती आश्रम आहे, तिथे साधेपणाने राहण्याची सोय असते. कुमाऊं मंडलाची सरकारी विश्रामगृहंही बघा, जागा नेहमी मोक्याच्या असतात. येण्याजाण्यात चारेक दिवस जातात, हातात चार मुक्काम उरतात. ते सगळे कौसानी आणि अल्मोडा इथेच करा. नैनिताल, मसुरी, हरिद्वार एकाच दौऱ्यात कोंबू नका, जीपचं भाडं तिथेच वाढतं आणि वळणांनी सासूबाईंना त्रास होईल.

साठ हजारांचे तीन सारखे भाग करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. निम्म्याहून थोडे जास्त या एका सहलीला ठेवा. बाकीच्या दोन जवळच्या आहेत.

पावसाळा

बहुतेक लोक इथेच चुकतात. पावसाळ्यात सगळं स्वस्त असतं, पण ती स्वस्ताई दोन प्रकारची असते. एक, लोक येत नाहीत म्हणून. दुसरी, बघायचं तेच बंद आहे म्हणून. मालवणला जुलैत खोली अर्ध्या भाड्यात मिळते, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद, पाण्यातले खेळ बंद, मासेमारी बंदीमुळे ताज्या मासळीचीही मारामार. ताडोब्याचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद. हे माहीत असून नुसता पाऊस बघायला गेलात तर उत्तमच, पण मुलांना होडीचं कबूल करून जाऊ नका. लोणावळा, माळशेज, भंडारदऱ्याला शनिवार-रविवारी तर नकोच, तिथे अख्खा दिवस गाडीत बसून जातो.

त्यापेक्षा सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत जा. जुलैत आम्ही कर्नाटकातल्या बदामीला गेलो होतो, आणि सगळ्यात जास्त समाधान देणारी ती सहल होती. पुण्याहून सोलापूर, विजयपूरमार्गे बदामीला थेट गाडी आहे. उन्हाळ्यात तो लाल दगड भाजून काढतो. जुलैत आभाळ भरलेलं, वारा सतत, मधूनच एक हलकी सर येऊन जाते. ओल्या दगडाचा रंग मावळतीच्या उन्हासारखा गडद होतो. माझ्या आईला तेव्हा गुडघ्याचा त्रास होता. ती अगस्त्य तलावाच्या काठी, भूतनाथ मंदिराच्या पायरीवर पाण्याकडे तोंड करून दोन तास बसली आणि तिथून उठायलाच तयार नव्हती. तेवढ्यात आम्ही लेणी बघून आलो. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे 578 सालचा लेख आहे. मुलीला दाखवा, इतिहासाच्या पुस्तकातले चालुक्य तिला एकदम खरे वाटतील. माकडांपासून मात्र जपा, पिशवी दिसली की ओढतात.

जवळच बनशंकरी. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे, कदाचित तुमच्याही. देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन बसतात. पातळ, कडक भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी, एखादी वांग्याची भाजी, आणि छोट्या मडक्यातलं दही. आम्ही पाच जण तिथेच जमिनीवर बसून पोटभर जेवलो. ते जेवण मला कुठल्याही हॉटेलपेक्षा जास्त आठवतं. फक्त पौष पौर्णिमेच्या जत्रेत जाऊ नका, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. पट्टदकल आणि ऐहोळे ही चालुक्यांच्या देवळांची गावं रिक्षा ठरवून एका दिवसात होतात. पट्टदकलला माणशी 40 रुपये तिकीट, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, म्हणजे तुमची दोन्ही मुलं फुकट. मुलांच्या शाळेला जोडून सुटी आली की तीन मुक्कामात हे होतं.

दुसरी जागा मध्य प्रदेशातला माळवा, आणि वेळ गणपतीची. तुमचा गणपती दीड दिवसाचा असेल तर विसर्जन करून निघा, फक्त शाळेला किती दिवस सुटी आहे ते आधी बघा. सगळा ओघ कोकणाकडे लागलेला असतो, तुम्ही उलट्या दिशेला जायचं. पुण्याहून इंदूरला थेट गाडी आहे. पुढे महेश्वर आणि मांडू. महेश्वरला अहिल्यादेवींचा वाडा आणि नर्मदेचा घाट. आपल्या माणसाला तिथे परकं वाटतच नाही. मांडू हे गावच पावसाळ्यासाठी आहे. जहांगीर बादशहा 1617 चा पावसाळा इथेच मुक्कामाला होता. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरले की ती इमारत खरंच पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात तलाव आटले की नुसती लांबलचक इमारत उरते. रस्त्याच्या कडेला गोरखचिंचेची जाडजूड झाडं आहेत, त्यांची फळं विकायला ठेवलेली असतात, मुलाला एक घेऊन द्या.

एक बारकावा लक्षात ठेवा. उत्तरेकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस, गुरुपौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. त्या महिन्यात ओंकारेश्वर, उज्जैनला प्रचंड गर्दी असते. गणपतीपर्यंत ओंकारेश्वर बरंच निवांत झालेलं असतं. उज्जैनला महाकालाच्या पालखीच्या सवाऱ्या राखीपौर्णिमेनंतरही काही सोमवारी निघतात, त्या दिवसांत तिथे जायचंच तर सोमवार टाळा.

कोकणात तुमचं घर असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि गणपतीला गावीच जा. घर नसताना मात्र गणपती आणि शिमगा या दोन वेळी कोकण रेल्वेचं तिकीट काढायच्या भानगडीत पडू नका.

हिवाळा आणि मार्च

20 डिसेंबर ते 2 जानेवारी गोवा, कोकण, महाबळेश्वर सगळं विसरा. संक्रांतीनंतर महिनाभर भाडी उतरतात, पण तेव्हा उत्तरेकडे जाऊ नका: धुक्यामुळे गाड्या कितीही तास उशिरा येतात, आणि पुढची गाडी चुकली की दोन्हींचे पैसे गेले. हे दिवस आपल्याच राज्यासाठी ठेवा. वेरूळ आणि अजिंठा कितीदा बघितलं तरी थोडंच, फक्त वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं. आणि पैसे उरले तर मार्चमध्ये एक शनिवार-रविवार वेळासला जा, मंडणगड तालुक्यात. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून निघाली की सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. राहणं-जेवण गावातल्याच घरांत, ओटीवर गाद्या टाकून. पैसे थेट त्या घरातल्या बाईंच्या हातात जातात, म्हणून मला ती जागा फार प्रिय आहे. घरटं कधी उघडेल ते कासवांच्या हातात असतं, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून विचारा.

दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च हेही एरवी फार स्वस्त दिवस. तुमची मुलगी आठवीत आहे, अजून एक वर्ष त्याचा फायदा घ्या.

मे

मे महिन्यात घरी राहा, हे माझं स्पष्ट मत. आमरस खा. जायचंच असेल तर पहिल्या दहा-बारा दिवसांत हिमाचलला, कारण दिल्लीकडच्या शाळांना साधारण मेच्या मध्याच्या सुमारास सुटी लागते आणि मग मनालीच्या रस्त्यावर गाड्याच गाड्या. नाहीतर चिखलदरा. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, गाविलगड किल्ला, कॉफीची झाडं, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना अजून फारसं सुचत नाही.

तिकिटं

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. दिवाळीनंतरच्या गाडीसाठी तो दिवस आत्ताच कॅलेंडरवर गोल करून ठेवा. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, पण सासूबाईंना खालचा बर्थ मिळावा म्हणून ज्येष्ठांचा कोटा निवडायला विसरू नका. 45 च्या पुढच्या बायकांनाही तो मिळतो. मुलगा 12 च्या आत आहे, वेगळा बर्थ नको असेल तर त्याचं अर्धं तिकीट. रात्रीच्या प्रवासाला मात्र त्याला बर्थ घ्याच, पाचवं माणूस अंगावर घेऊन कोणाचीच झोप होत नाही. दिल्लीपर्यंतच्या लांब टप्प्याला सासूबाईंसाठी थर्ड एसीचे पैसे घालवा, तिथे काटकसर करू नका.

राज्यात फिरताना एसटी. महिलांना अर्धं तिकीट, सासूबाईंनाही अर्धं, मुलाचंही अर्धं. तुमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त यजमानांचं लागेल. सासूबाईंचं आधार कार्ड पर्समध्ये असू द्या. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, म्हणून बदामीला रेल्वेच बरी.

सासूबाईंना पायऱ्या कितपत झेपतात ते कळवाल का? बदामीचं पहिलं लेणं थोड्याच पायऱ्यांवर आहे, चौथ्यापर्यंत बरंच चढावं लागतं. आणि मांडूत रूपमतीच्या मंडपापर्यंत चढ आहे. त्यांना जमणार नसेल तर मुक्काम तलावाजवळ घ्या, कुठल्या बाजूला घ्यायचा ते मी सांगते.