पाडायच्या घराला बांबूचं फ्लोअरिंग?

कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे, थोडक्यात सांगतो. वय ४७, नवरा-बायको दोघंही नोकरीत, घरात महिन्याला १ लाख ३५ हजार येतात, मुलगी बारावीला. १९९२ च्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर टू बीएचके, त्याचं १४ लाख होमलोन अजून बाकी. आता घराचं "ग्रीन रिनोव्हेशन" करायचंय. एका कंपनीने साडेअकरा लाखांचं पॅकेज दिलंय: डबल काचेच्या यूपीव्हीसी खिडक्या २.४ लाख, बांबूचं फ्लोअरिंग २.६ लाख, किचन आणि वॉर्डरोब "इको" प्लायमध्ये ४.२ लाख, टेरेसवर दोन किलोवॉट सोलर १.६ लाख, आणि कमी वासाचा रंग ७० हजार. त्यांचा प्रश्न एवढाच की होमलोनवर टॉप-अप घेऊ, का ७ लाखांची एफडी मोडून वरचे पर्सनल लोन काढून भागवू?

आणि मग अगदी शेवटी ता. क.: "आमच्याकडे रिडेव्हलपमेंटचं पण चाललंय, मार्चच्या मीटिंगला पीएमसी (रिडेव्हलपमेंटचं काम बघणारा कन्सल्टंट) नेमली, पण या गोष्टींना दहा वर्षं लागतात हे तुम्हाला माहितीच आहे. आणि झालंच तर कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती रोख रक्कम) मिळेल, शेजारच्या सोसायटीत फ्लॅटमागे आठ लाख मिळाले, त्यातून टॉप-अप फिटेल. शिवाय इंटिरियर चांगलं असलं की बिल्डर व्हॅल्युएशन जास्त धरतो असं पॅकेजवाले म्हणाले."

ताई, टॉप-अप घेऊ नका आणि एफडीला हात लावू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर संपलं. बाकी सगळं त्या ता. क. बद्दल आहे, पण आधी पॅकेजचा हिशोब उरकून टाकू.

कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" लिहिलंय. यातल्या बहुतेक कामाला १८ टक्के लागतो, म्हणजे साडेअकराचे १३.४ लाख धरा. पंधरा वर्षांचा टॉप-अप ९ टक्क्यांनी घेतला तर हप्ता साधारण १३,६००, एकूण भरणार साडेचोवीस लाख. आणि बदल्यात काय, तर "वीजबिल साठ टक्के कमी". तुमचं बिल सरासरी २,४०० येतं असं तुम्हीच लिहिलंय, त्याचे साठ टक्के म्हणजे १,४००. चौदाशे वाचवायला साडेतेरा हजारांचा हप्ता.

खिडक्यांचं बघा. पुण्यात तुम्ही एसी लावता एप्रिल-मे, रोज पाच-सहा तास. तासाला एक युनिट धरलं तर सीझनचे ३६० युनिट, युनिटला दहा-अकरा रुपये, म्हणजे वर्षाचे चार हजार. काचेने एसी पूर्ण बंद झाला (होणार नाही) तरी २.४ लाख वसूल व्हायला साठ वर्षं! रस्त्याच्या आवाजासाठी डबल काच घेतली तर मी समजू शकतो, विजेसाठी नाही. आणि वरच्या मजल्याला उकाडा खिडकीपेक्षा डोक्यावरच्या स्लॅबमधून जास्त येतो, त्याबद्दल पॅकेजमध्ये एक शब्द नाही, कारण गच्चीला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारण्यात त्यांना काय मिळणार.

सोलरची ओळ तर मी दोनदा वाचली. दोन किलोवॉटच्या सिस्टिमवर त्यांनी ७८ हजार सबसिडी दाखवलीय. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला ६० हजार मिळतात, ७८ हजार हे तीन किलोवॉट आणि पुढे. आणि गच्ची तुमची नाही, सोसायटीची आहे, ठराव नसताना तिथे पॅनल कोण लावू देणार? सोसायटीने कॉमन लाइट-पंपासाठी सोलर घेतलं तर त्याची सबसिडी वेगळी, किलोवॉटला १८ हजार. हे सेल्सवाल्याला माहीत नसेल तर कठीण आहे आणि माहीत असून दाखवलं असेल तर जास्तच कठीण आहे.

"टॉप-अपच्या व्याजावर दोन लाखांची टॅक्स सूट" पण सांगितलीय. राहत्या घराच्या दुरुस्तीच्या लोनवर वर्षाला ३० हजारांपर्यंतच व्याज धरता येतं, तेही तुमच्या आधीच्या होमलोनच्या दोन लाखांच्या मर्यादेतच, आणि तेही फक्त जुन्या टॅक्स रेजिममध्ये. नव्या रेजिममध्ये शून्य. आणि तुम्ही जोडलेल्या लोनच्या ऑफर लेटरमध्ये ६२ हजारांचा सिंगल प्रीमियम विमा आहे, "कंपल्सरी" म्हणून, आणि तो प्रीमियम लोनमध्येच मिळवलाय म्हणजे त्यावर पण पंधरा वर्षं व्याज. लोनसोबत विमा घ्यायची सक्ती कुठल्याही नियमात नाही. विमा हवाच असेल तर साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या, १४ लाख डोक्यावर असताना तो तसाही पाहिजेच.

आता ता. क.

तुमच्या डोक्यात दोन आशा एकाच वेळी चालू आहेत, आणि त्या एकमेकींना कापतात. एक, रिडेव्हलपमेंटला दहा वर्षं लागतील म्हणून आत्ता खर्च केला तर तो उपभोगता येईल. दोन, रिडेव्हलपमेंटचा कॉर्पस येईल त्यातून लोन फिटेल. अहो, दहा वर्षं लागली तर कॉर्पसही दहा वर्षांनीच येणार, तोपर्यंत हप्ते तुम्हीच भरणार. आणि लवकर झालं तर बांबूचं फ्लोअरिंग राडारोड्याच्या ट्रकमध्ये. दोन्हीतली कुठलीही एकच खरी होऊ शकते आणि कुठलीही झाली तरी तुमचं गणित बसत नाही.

"दहा वर्षं" हे पीएमसी नेमायच्या आधीचं वाक्य आहे. कन्सल्टंट नेमला म्हणजे आता फिजिबिलिटी रिपोर्ट, मग टेंडर, मग सर्वसाधारण सभेत डेव्हलपरची निवड, मग करार, प्लॅन मंजुरी आणि घर रिकामं करा. २०१९ च्या सरकारी नियमावलीनुसार सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती पुरते, त्यामुळे दोन आजोबा नाही म्हणाले म्हणून आता सगळं अडून राहत नाही. तुमची बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची आहे, तिला यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, जादा एफएसआय मिळतो (म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करता येतं), आणि कोथरूडात बिल्डर रांग लावून उभे आहेत. भांडणं झाली तर सात-आठ वर्षंही लागतील, नाही असं नाही. पण पैशाचं प्लॅनिंग तीन वर्षं धरून करायचं.

तीन वर्षं धरून बघा. ३६ हप्ते भरले, म्हणजे ४.९ लाख गेले. लोन किती उरलं? जवळजवळ १२ लाख. सुरुवातीची वर्षं बहुतेक व्याजातच जातं. कॉर्पस शेजारच्यांइतका आठ लाख मिळाला असं अगदी मनापासून धरलं तरी चार लाख कमी पडतात, आणि कॉर्पस एकरकमी हातात पडत नाही, बहुतेक करारांत तो टप्प्याटप्प्याने असतो आणि शेवटचा टप्पा नव्या घराचा ताबा घेताना. शिवाय शेजारच्यांचा प्लॉट केवढा, रस्ता किती रुंद, फ्लॅट किती, यावर त्यांचे आठ ठरले, तुमचे आठ कुणी ठरवले? १३.४ लाख ३६ महिन्यांत वाटले तर महिन्याला ३७ हजार होतात. एवढ्या भाड्यात कोथरूडात दुसरा टू बीएचके मिळेल.

इंटिरियर बघून बिल्डर जास्त देतो हे तर शुद्ध थापेबाजी आहे. बिल्डर टेप घेऊन कार्पेट एरिया मोजतो. तुमच्या घरात इटालियन मार्बल असो नाहीतर १९९२ ची मोझेक फरशी, ६५० फूट म्हणजे ६५० फूट. लग्न मोडलेल्या मांडवाला झेंडूच्या माळा लावायला निघालेत हे लोक, आणि माळा त्यांच्याच दुकानातल्या.

एक गोष्ट सोसायटीच्या मीटिंगमध्येही सहसा कुणी बोलत नाही. तुमचा फ्लॅट बँकेकडे गहाण आहे, म्हणजे रिडेव्हलपमेंटला बँकेची एनओसी लागणार. आज १४ लाखांसाठी लागेल, टॉप-अपनंतर २७ लाखांसाठी. आणि घर पाडल्यावरही होमलोनचा हप्ता थांबत नाही. भाडं बिल्डर देतो, पण प्रोजेक्ट रखडला की पहिलं भाडंच बंद होतं, अशी कुटुंबं तुम्हाला पुण्यात विचारली तर सापडतील. त्या वेळी ७ लाखांची एफडी हाच तुमचा आधार आहे आणि तुम्ही ती किचनच्या शटरसाठी मोडायला निघालात. पुढच्या वर्षी मुलीचं कॉलेज सुरू होतंय, त्या फीचा पत्रात उल्लेखच नाही, तो खर्च काय कॉर्पसमधून?

मग ग्रीन घर करायचंच नाही का? करा की. पण जे स्क्रू ड्रायव्हरने निघतं आणि टेम्पोत बसतं तेवढंच विकत घ्या. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी विजेच्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर पंख्यामागे महिन्याला १६ युनिट, म्हणजे दीडशेच्या वर रुपये. पाच पंखे पंधरा हजारांत येतात, दीड-दोन वर्षांत फिटतात, आणि भाड्याच्या घरात आणि नंतर नव्या घरातही तुमच्याबरोबर येतात. नळांना एरेटर (पाणी वाचवणारी तोंडाची जाळी) लावा, शंभर-दीडशेला एक. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चीक लावा, ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे, आत आल्यावर पडदा ओढून काय उपयोग. सोसायटी हो म्हणाली तर तुमच्या डोक्यावरच्या भागाला पांढरा कोट. किचनच्या ट्रॉल्या दुरुस्त करून घ्या, दोन खोल्या रंगवा. सगळं मिळून ऐंशी हजार, पगारातून, दोन-तीन महिन्यांत. आणि हे जास्त ग्रीन आहे, कारण चांगली फरशी फोडून एकदा राडारोडा, तीन वर्षांनी बिल्डिंग पाडून परत राडारोडा, याला इको म्हणायचं असेल तर म्हणा.

खरी ग्रीन मागणी टेंडरमध्ये करायची असते, आणि टेंडर अजून निघालेलं नाही, म्हणजे तुम्ही नेमक्या वेळेवर आहात. यूडीसीपीआरमध्ये ग्रीहा किंवा आयजीबीसीचं ग्रीन रेटिंग घेतलं तर बिल्डरला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. म्हणजे त्याचाही फायदाच आहे, पण तुम्ही मागितलं नाही तर तो फायदा तो स्वतःच्या खिशात घालेल. पीएमसीला आत्ताच लेखी द्या: पश्चिमेच्या खिडक्यांवर रुंद छज्जा, समोरासमोर खिडक्या, टेरेसवर कॉमन सोलर, रेन वॉटर, पार्किंगमध्ये ईव्हीचं वायरिंग. ज्या खिडकीसाठी तुम्ही अडीच लाख देणार होता ती टेंडरच्या एका ओळीत येऊ शकते. त्याच कागदावर हेही लिहा की बिल्डरने सोसायटीला द्यायची, प्रोजेक्टच्या खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सोडायची नाही. ती नियमावलीत आहे, आणि बिल्डर पहिली सूट तिथेच मागतात.

आणि तो १३,६०० चा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच ना, मग तेवढीच आरडी करा. शेअर बाजारात नको, तीन वर्षांचाच पैसा आहे. तीन वर्षांत सव्वापाच-साडेपाच लाख होतील, एफडी टॅक्स जाऊन आठच्या वर असेल, म्हणजे साडेतेरा लाख हातात आणि कर्ज उलट कमी झालेलं. तेव्हा बिल्डर म्हणेल जादा कार्पेट विकत घ्या. दहा हजारांचा दर धरला तरी १०० फुटांना दहा लाख, वर टॅक्स आणि स्टॅम्प ड्युटी. मुलीसाठी वेगळी खोली त्यातून निघेल. कॉलेजच्या फीला आरडीतून काढावे लागले तर काढा, त्यासाठी वाईट वाटून घेऊ नका.

राहता राहिलं ते तुम्ही पॅकेजवाल्यांना दिलेलं २५ हजारांचं टोकन. पावतीवर "नॉन-रिफंडेबल" छापलंय, पण साइट मेजरमेंट अजून झालेलं नाही, काम सुरू नाही, आणि सबसिडीचा आकडा त्यांनी लेखी चुकीचा दिलाय. ते कोटेशन जोडून आजच मेल टाका, पैसे परत मागा, आणि शनिवारचं मेजरमेंट रद्द म्हणून फोनवर नाही तर त्याच मेलमध्ये लिहा. माणूस एकदा घरात येऊन मोजून गेला की "आमचं काम सुरू झालं" म्हणायला ते मोकळे. नाहीच दिले तर पंचवीस हजार गेले समजा, त्यांच्या मागे तेरा लाख पाठवू नका.