वहीतला 'सरकार' कोण, 'मालक' कोण आणि 'राजा' का विकला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, राग मानू नका. अमळनेरकडच्या तुमच्या पणजोबांची १९३६-३७ सालची हिशेबाची वही माळ्यावर सापडली. तिच्यात 'सरकारात १८ भरले', 'मालक धुळ्यास गेले', 'महाजनाचे ३० देणे', 'फैजपुरास राष्ट्रपती पाहिले' आणि 'राजा विकला, ४५' अशा नोंदी आहेत. त्यातच घरातलं कुणी म्हणालं की पणजोबांना गावात 'सरकार' म्हणायचे. त्यामुळे आपलं घराणं संस्थानिक होतं का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय देशाला पहिले राष्ट्रपती १९५० साली मिळाले, तर पणजोबांनी १९३६ साली कुणाला पाहिलं, हेही.

संस्थानिक नव्हतं. संस्थानिक सारा घेतो, भरत नाही. पहिल्याच नोंदीत तुमचे पणजोबा १८ रुपये भरून आलेत.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आयुष्य अशा शब्दांतच गेलं. एक गोष्ट आधी सांगतो, ती पुढं सगळीकडे लागेल. सत्तेचा शब्द वाचताना 'याचा अर्थ काय' असं विचारायच्या आधी 'हे कोण कुणाला म्हणतंय' असं विचारायचं. कोशात पाच अर्थ सापडतील. त्यातला कोणता घ्यायचा, ते बोलणारा आणि ऐकणारा कळल्याशिवाय ठरत नाही.

आता 'सरकार'. फारसीत सर म्हणजे डोकं, कार म्हणजे काम. कामाचा प्रमुख तो सरकार. मोगलाईत मात्र हा मुलखाचा एक तुकडा होता. सुभ्याखाली सरकार, सरकाराखाली परगणा, परगण्याखाली मौजे. जुन्या कागदात 'सरकार अमुक, सुभा तमुक' असं दिसलं की तिथं कुणी माणूस शोधू नका, तो पत्ता आहे. पुढं पेशवे सरकार, होळकर सरकार, १८१८ नंतर कंपनी सरकार, म्हणजे ज्याचा खजिना तो सरकार. तुमच्या वहीतलं 'सरकारात' हे त्या खजिन्याच्या अर्थानं आहे. आणि पणजोबांना लोक 'सरकार' म्हणत असतील तर त्याची दोन कारणं असू शकतात. एक, चार बैलजोड्या असलेला, दारावरून कुणाला उपाशी न पाठवणारा माणूस. दुसरं, सकाळी नऊला उठणारा. आमच्याकडे अजूनही उशिरा उठलेल्या जावयाला 'उठले का सरकार?' असंच विचारतात. तुमचे पणजोबा यातले कोणते होते, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मात्र सगळ्यांसमोर नको.

'मालक' या शब्दानं तर मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी तोंडघशी पाडलं होतं.

पारोळ्याकडचा सजा मिळाला होता. (तलाठ्याच्या हद्दीला सजा म्हणतात. घरी कळवलं तेव्हा आई म्हणाली, कसली सजा झाली रे तुला?) पावसाळ्याचे दिवस, चावडीत पाणी गळत होतं. साठीची एक बाई उताऱ्यासाठी आली, बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. जमीन कुणाची, असं विचारलं तर म्हणाली, "जमीन मालकनी शे भाऊ, कष्ट मन्हा शेतस." (जमीन मालकाची आहे, कष्ट माझे आहेत.) मी नवा, कूळ कायदा नुकताच पाठ करून आलेला. महसुलाच्या भाषेत 'मालक' म्हटलं की त्याच्या समोर 'कूळ' उभं राहतं. जमीन एकाची, कसणारा दुसरा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची खरेदीदार मानली गेली. माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. ही बाई कूळ आहे, कुणी बडा मालक परगावी बसलाय, हिची नोंद राहून गेली. मी सातबाऱ्यावर कुळाचं नाव शोधलं, नाही. इतर अधिकाराचा रकाना पाहिला, कोरा. विचारलं, "माय, मालकाचं नाव काय?" ती गप्प. पुन्हा विचारलं. तिनं पदर तोंडाला लावून नातवाकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरलीय, मालकाचा दबाव दिसतो. डायरीत तसं लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी माझे वरचे साहेब, सर्कल (मंडळ अधिकारी) आप्पा आले. डायरी वाचून ते इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. म्हणाले, अरे, तिचा मालक म्हणजे तिचा नवरा. नाव कसं घेईल ती? तो नातू कशाला आणला होता तिनं? नाव सांगायलाच!

तो पोरगा अर्धा तास बाकावर पाय हलवत बसला होता, आणि मी त्याला एक शब्द विचारला नव्हता.

तेव्हा तुमच्या वहीत 'मालक धुळ्यास गेले' ही ओळ कुणाच्या अक्षरात आहे ते पाहा. वही पणजोबांच्या हातची असेल तर ते स्वतःला मालक म्हणणार नाहीत. अक्षर दिवाणजीचं असेल तर मालक म्हणजे धनी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभरासाठी ठरलेला सालगडीही शेतकऱ्याला मालकच म्हणतो. आणि अक्षर जरा वाकडं, ओळ खाली उतरत गेलेली, अशी एखादीच नोंद असेल, तर माझी पैज आहे की पणजोबा नसताना ती पणजीनं लिहिली. तसं असेल तर ताई, त्या काळात खेड्यात लिहू शकणारी पणजी मिळाली, हे मला संस्थानापेक्षा मोठं वाटतं.

याच्या जोडीला एक गंमत. जमिनीपायी भावाभावांची डोकी फुटतात, पण सातबाऱ्यावर 'मालक' असा रकानाच नाही. तिथं आहे 'भोगवटादार'. रयतवारीत जमीन शेवटी सरकारची, तुम्ही तिचा भोगवटा करणारे. म्हणजे जमिनीच्या कागदावर जो मालक नाही, तो घरात मात्र मालक. आणि नुसता मालक नाही: धनी, कारभारी, यजमान, घरधनी. मराठीत नवऱ्यासाठी जितके शब्द आहेत, त्यातले निम्मे कचेरीतून आल्यासारखे वाटतात.

'पती' त्यातलाच. संस्कृतात पती म्हणजे स्वामी, सांभाळणारा: सेनापती, सभापती, भूपती. नवरा हा अर्थ त्याच झाडाची फांदी. इथं तुमच्या राष्ट्रपतींच्या कोड्याचं उत्तर येतं. काँग्रेसच्या अध्यक्षाला स्वातंत्र्यापूर्वी लोक 'राष्ट्रपती' म्हणत. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडपाची कलाबाजू नंदलाल बोस यांनी पाहिली होती, बांबूसारख्या गावच्याच वस्तू वापरून. तुमचे पणजोबा तापी ओलांडून तिथं गेले, नेहरूंना पाहिलं आणि घरी येऊन हिशेबाच्या वहीत लिहिलं, 'राष्ट्रपती पाहिले'. नोंद अगदी बरोबर आहे. ती वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी नेहरूंनी 'चाणक्य' या टोपणनावानं 'मॉडर्न रिव्ह्यू'त स्वतःवरच टीका करणारा लेख लिहिला, त्याचंही शीर्षक 'राष्ट्रपती'च होतं. म्हणजे राज्यघटनेत पद येण्याआधी शब्द लोकांच्या तोंडी रुळलेला होता.

मग २००७ साल आलं. बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, आणि पारापारांवर चर्चा सुरू झाली की बाईला राष्ट्र'पती' कसं म्हणायचं. चावडीतल्या एका माणसानं मला फार गंभीरपणे विचारलं होतं, मग आता राष्ट्रमाय म्हणायचं का? मी म्हटलं, सभापतीबाई म्हणताना कधी अडलात का? पंचायत समितीत बाई सभापती झाल्या तेव्हा तुम्हीच त्यांना नारळ दिला. त्याला ते पटलं नाही, पण शब्द तोच राहिला. मला विचाराल तर तेच ठीक झालं. पदाला लिंग नसतं, ते उगाच चिकटवलं तर प्रत्येक निवडणुकीला पाट्या बदलाव्या लागतील.

त्यांच्या आडनावाचंही असंच. ताम्रपटांत 'पट्टकिल' दिसतो, त्याचा पाटील झाला, असं मानतात. गावचा मुख्य, वसुलीचा धनी. १९६२च्या कायद्यानं मुलकी पाटलांचं पद गेलं. पोलीस पाटील राहिले, त्यांच्यासाठी १९६७चा वेगळा कायदा आहे. पद एका गावात एक, पण आडनाव खान्देशात किती जणांचं! लेवा, मराठा, गुजर, राजपूत. आमच्या वर्गात नऊ पाटील होते. मास्तर आडनावानं हाक मारायचे आणि कुणीच उठायचं नाही.

सत्तेचे शब्द बहुतेक वेळा वरून खाली उतरतात. कोतवाल घ्या. मूळ कोट्टपाल, किल्ला राखणारा. मोगलाईत शहराचा कोतवाल म्हणजे सगळं पोलीस खातं, लोक त्याच्या सावलीला घाबरत. माझ्या कचेरीतला कोतवाल दवंडी द्यायचा, नोटिसा वाटायचा, आणि साहेबांसाठी पान आणायला जायचा. काळ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या पक्ष्यालाही आपण कोतवाल म्हणतो, कारण तो कावळ्याला हुसकावून लावतो. आता कोतवालीचा खरा रुबाब त्या पक्ष्याकडेच उरलाय. नवाबाचंही तेच. नवाब हे अरबी 'नायब'चं अनेकवचन, म्हणजे 'नायब लोक', बादशहाचे मुखत्यार. तेव्हा लखनौचे नवाब आणि आपले नायब तहसीलदार हे शब्दाच्या नात्यानं भाऊबंद आहेत. हे मी एका नायब तहसीलदारांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी माझी रजा कधी अडवली नाही. तहसील म्हणजे मुळात वसुली. 'बोलून काय हशील?' मधलं हशील त्याच कुळातलं. कलेक्टरही वसूल करणाराच. सगळ्या कचेरीचा पाया वसुली, बाकीचं नंतर आलं.

'सुलतान' मात्र उलट्या वाटेनं गेला. अरबीत तो आधी माणूस नव्हताच, सत्ता या भाववाचक अर्थाचा शब्द होता. मग सत्ता गाजवणारा सुलतान झाला. आणि मराठी शेतकऱ्यानं त्याला परत माणसातून काढून 'अस्मानी-सुलतानी' केलं. रावेरकडे वादळात केळीची बाग आडवी झाली ती अस्मानी, आणि उभ्या बागेला भाव मिळाला नाही ती सुलतानी.

आता आपल्या मुलखाच्या नावाबद्दल, कारण तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. खान्देश म्हणजे कान्हदेश, असं मानणारे आहेत. खानाचा देश, असंही सांगतात. मला दुसरं जास्त पटतं, त्यामागं एक बढती आहे. चौदाव्या शतकात शिरपूरजवळच्या थाळनेरला फारुकी घराण्याचं बस्तान बसलं. संस्थापकाचं नाव पाहा: मलिक राजा. मलिक म्हणजे अरबीत राजा, आणि पुढं पुन्हा राजा. दोनदा राजा, तरी दिल्लीच्या दरबारी उतरंडीत मलिकाचा दर्जा खानाच्या खालचा. त्याच्या मुलाला, नासिरला, गुजरातच्या सुलतानाकडून 'खान' ही पदवी मिळाली आणि मुलखाला नाव मिळालं, असं गॅझेटियर सांगतं. १६०१ साली अकबरानं असीरगड घेतला आणि आपल्या दानियाल नावाच्या मुलावरून मुलखाचं नाव 'दानदेश' ठेवलं. बादशहाचा हुकूम होता, पण नाव टिकलं नाही. थाळनेरला फारुकींच्या कबरी आहेत, तापीकाठी. एकदा जाऊन या. तिथं चिंगीझखानापासून शेजारच्या शाळेतल्या खान सरांपर्यंत त्या एका शब्दाचा प्रवास डोळ्यांसमोर येतो.

महाजनाचं फार काही नाही. पेठेतला व्याजानं पैसे देणारा. ३० रुपये फिटले का, तेवढं पुढच्या पानांत बघा.

राहिला 'राजा विकला, ४५'. यावरून तुम्हाला राज्य विकल्याची शंका आली असेल तर माफ करा, तो बैल आहे. सर्जा-राजा, पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून मिरवतात ते. पण ही नोंद मला आवडली नाही. कारण एकटा राजा कुणी विकत नाही. जोडीतला एक गेला की दुसरा दावणीला नुसता कडबा खातो. शेजाऱ्याशी सावड केल्याशिवाय एका बैलावर औत चालत नाही. तेव्हा मागची पानं उलटा. सर्जा आधी मेला का, अशी काही नोंद सापडते का पाहा. औषधाचा, वैदूचा खर्च असेल. नाहीतर पुढं बघा, महाजनाचे ३० त्याच आठवड्यात फिटले असतील. उरलेले १५ कुठं गेले ते सापडलं, तर इथं नक्की लिहा.